दोन गाड्यांमधली मोकळी जागा

मागच्या पावसाळ्यात सत्तरीच्या घरातल्या एका गृहस्थांना त्यांचा मुलगा आमच्याकडे घेऊन आला. केसपेपरवर लिहिले होते, 'अर्धांगवायूची शंका'. आजोबांच्या दोन्ही हातांतली ताकद गेली होती, पण ते स्वतःच्या पायांनी, थोडे अडखळत का होईना, चालत वॉर्डात आले. अर्धांगवायू शरीराची एक बाजू धरतो. दोन्ही हात धरून पाय सोडून देत नाही. म्हणून विचारले, "आजोबा, कुठे पडलात का? मानेला काही लागलं?"

"छे हो डॉक्टरसाहेब, पडलो नाही. काल जरा गाडीला धक्का बसला, तेवढंच."

हा 'जरा धक्का' असा होता. मुलगा गाडी चालवत होता, वडील शेजारी बसलेले. पुढे सिग्नल लाल झाला, मुलाने ब्रेक दाबला आणि मागून चिकटून येणारी गाडी येऊन आदळली. बंपरला पोचा पडला आणि मागचा दिवा फुटला. दोघे चालक खाली उतरून एकमेकांचा उद्धार करत असताना आजोबांना आपल्या बाजूचे दार उघडता येईना. बोटांना मुंग्या आल्या होत्या. घाबरल्यामुळे असेल, असे सगळ्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातातून सुटला, तेव्हा धावपळ सुरू झाली.

एमआरआयमध्ये मानेतल्या मज्जारज्जूला सूज दिसली. वयानुसार त्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज झालेली होतीच आणि त्यामुळे मज्जारज्जूला असलेली जागा आधीच कमी होती. मागून हिसका बसून डोके झटक्यात मागे गेले आणि त्या अरुंद जागेत रज्जू क्षणभर चिमटला. हाड मोडलेले नव्हते, रक्ताचा थेंबही नव्हता. आम्ही याला 'सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम' म्हणतो. यात पायांपेक्षा हातांचे नुकसान जास्त होते. गाडीचा खर्च विम्यातून निघाला. आजोबांच्या सदऱ्याची बटणे मात्र तेव्हापासून आजी लावतात.

अपघात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो नवले पूल. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने उतारावर डझनावारी गाड्यांना ठोकरले. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच परिसरात कंटेनरने गाड्या चिरडल्या, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. अशा वेळी पुढे रांगेत उभ्या असलेल्यांचा काडीचा दोष नसतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापतात आणि तापले की धरत नाहीत. गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवायची सोडून डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडली, तर वेगळे काय होणार? यावर भरपूर लिहिले गेले आहे आणि रस्त्याचा उतार, वेगमर्यादा, पर्यायी मार्ग यांवर चर्चा चालूच राहील. मला बोलायचे आहे ते बातमी न होणाऱ्या अपघाताबद्दल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्या वर्षीच्या एकूण अपघातांत मागून धडकेचा वाटा साधारण पाचातला एक होता. यातले सगळेच काही ब्रेक निकामी झालेले ट्रक नव्हते.

हिशेब अगदी शाळेतला आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पुढचा दिवा लाल झालेला डोळ्यांना दिसणे, मेंदूने त्याचा अर्थ लावणे आणि पाय एका पॅडलवरून दुसऱ्यावर जाणे, याला जागरूक, निरोगी माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, सहा मोटारी एकामागे एक लावल्या तर जेवढी जागा होईल तेवढी. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २० मीटर. ओल्या रस्त्यावर, गुळगुळीत टायरवर किती, ते विचारूच नका. गाडीत एबीएस आहे, नवी गाडी आहे, यामुळे हा दीड सेकंद कमी होत नाही. तो गाडीचा नसून आपल्या मज्जासंस्थेचा आहे.

आणि तो वाढतो मात्र सहज. सर्दीसाठी घेतलेल्या साध्या ॲलर्जीच्या गोळीने, अपुऱ्या झोपेने, मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन घेऊन जेवण लांबवल्याने आणि अर्थातच मांडीवरच्या मोबाइलने. माझ्या ओपीडीत रक्तदाब-मधुमेहाचे कितीतरी रुग्ण पोटासाठी गाडी चालवणारे असतात. गोळ्यांची चिठ्ठी देताना मी हल्ली आवर्जून विचारतो, "गाडी चालवता का?" खरे तर हा प्रश्न आम्ही डॉक्टरांनी पंचवीस वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता.

दुचाकीस्वारांना हे गणित आणखी महाग पडते. २०२२ च्या मृत्यूंमध्ये दुचाकीवरचे ४४ टक्क्यांहून अधिक होते. टेम्पोच्या मागे चिकटून जाणाऱ्या स्कूटरला पुढचा रस्ता दिसतच नाही. टेम्पो खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेऊन निघून जातो आणि तो खड्डा स्कूटरच्या पुढच्या चाकाखाली उगवल्यासारखा येतो. पावसाळ्यात हाडांच्या वॉर्डातल्या सहकाऱ्याला विचारा, 'अचानक खड्डा आला' हे वाक्य तो दिवसातून कितीदा ऐकतो.

आता नेहमीचा आक्षेप. मी हा विषय काढला की लोक हसतात. "डॉक्टर, आपल्याकडे अंतर ठेवलं की त्यात रिक्षा घुसते. मग दुसरी. अंतर ठेवत बसलो तर घरी कधी पोचणार?" आक्षेप खोटा नाही, मीही याच रस्त्यांवरून रोज जातो. पण त्याचा हिशेब कोणी करत नाही. आपल्यापुढे एक गाडी घुसली म्हणजे आपण एका गाडीने मागे गेलो, म्हणजे फार तर दोन सेकंद. घरापासून रुग्णालयापर्यंत तीस गाड्या माझ्यापुढे घुसल्या, तरी माझे नुकसान एका मिनिटाचे. तेवढा वेळ आमच्या लिफ्टची वाट बघण्यात रोज जातो.

शेजारची लेन नेहमी आपल्यापेक्षा वेगाने पळते आहे असे का वाटते, हाही प्रश्न आहे. याचा शोध घेतला तो एका डॉक्टरनेच. टोरंटोचे डॉ. डोनाल्ड रेडेलमायर आणि संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले की दोन्ही लेनची सरासरी गती सारखी असली तरी चालकाला आपणच मागे पडतोय असे वाटते. कारण साधे आहे. आपण वेगात असतो तेव्हा शेजारच्या दाटलेल्या दहा गाड्या काही क्षणांत मागे टाकतो. आपण हळू असतो तेव्हा पुढे जाणाऱ्या विरळ गाड्या एकेक करून बराच वेळ आपल्याला मागे टाकत राहतात. शिवाय मागे पडलेल्या गाड्या नजरेआड होतात आणि पुढे गेलेल्या डोळ्यांसमोर राहून जीव जाळतात. मग आपण लेन बदलतो, कट मारतो, आणि पुढच्या सिग्नलला तीच पांढरी गाडी पुन्हा शेजारी उभी असते.

उलट, चिकटून चालवण्याने कोंडी वाढते. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल मार्गावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवायला सांगितले. ना सिग्नल, ना खड्डा, ना हातगाडी. थोड्याच वेळात एकाने किंचित ब्रेक मारला, मागच्याने त्याहून जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त आणि काही गाड्या पूर्ण थांबल्या. ती थांबण्याची लाट मागे मागे सरकत गेली. पुढे मोकळी जागा असती तर पहिला ब्रेक तिथेच जिरला असता. लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात शनिवारी सकाळी तासभर अडकून शेवटी पुढे काहीच कारण दिसत नाही, त्यातल्या बऱ्याच वेळेचे कारण हे असू शकते.

हृदयाचे सांगितल्याशिवाय फिजिशियनचा लेख कसा पुरा होणार! गर्दीत मागच्याने अपर-डिपर मारायला सुरुवात केली किंवा कोणी कट मारला की ॲड्रेनलिन वाढते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो आणि लक्ष आकुंचन पावते. नजर त्या एका नंबरप्लेटला खिळते; कडेने रस्ता ओलांडणारी बाई दिसत नाही. मारामारी करायला किंवा पळून जायला शरीर तयार झालेले असते आणि आपण पट्टा लावून खुर्चीत बसलेले असतो. जर्मनीतल्या ऑग्सबर्ग भागातल्या हृदयविकाराच्या रुग्णांचा एक अभ्यास २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला होता. झटका येण्याआधीच्या तासाभरात वाहतुकीत असण्याशी धोक्यात सुमारे तिप्पट वाढ जोडलेली आढळली. यात धूर किती, आवाज किती आणि मनस्ताप किती, हे वेगळे काढता आले नाही, आणि बस किंवा सायकलवरचे लोकही त्यात होते. अमेरिकेतल्या १९९५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात रागाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक वाढलेली दिसली होती. धडधाकट माणसासाठी मुळातला धोका इतका लहान असतो की दुप्पट-तिप्पट होऊनही तो लहानच राहतो. पण ज्याच्या रक्तवाहिनीत आधीच अडथळा आहे त्याच्यासाठी तसे नाही, आणि चाळिशीतल्या आपल्यापैकी कितीजणांना आपल्या रक्तवाहिन्यांची खबर असते? बंपरला बंपर घासला म्हणून भांडता भांडता छातीत दुखू लागलेला शेहेचाळीस वर्षांचा माणूस मी पाहिला आहे. ईसीजी बघून त्याला आत घेतले. स्ट्रेचरवरही तो त्या दुसऱ्या गाडीचा नंबर बायकोला लिहून घ्यायला सांगत होता.

मी स्वतः साधूसंत नाही. रात्रीच्या इमर्जन्सी कॉलला जाताना पुढच्या गाडीला मीही डिपर मारले आहेत. एकदा पुढच्या चालकाने शांतपणे डावीकडे घेऊन मला वाट दिली, आणि पुढच्या चौकात मला तेवढाच वेळ सिग्नलला उभे राहावे लागले.

कायद्यात हे आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार, पुढचे वाहन एकाएकी थांबले तरी सुरक्षित थांबता येईल एवढे अंतर ठेवणे बंधनकारक आहे, आणि धोकादायक चालवण्यासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ आहे. पण 'पुरेसे' म्हणजे किती मीटर, ते आपल्याकडे चालकाच्या मर्जीवर आहे. जर्मनीत वेगाच्या निम्मे मीटर असा ढोबळ नियम आहे: ताशी १०० असेल तर ५० मीटर. तिथे महामार्गांवर दोन गाड्यांमधले अंतर मोजणारे कॅमेरेही आहेत आणि कमी पडले की दंड होतो. आपल्या कॅमेऱ्यांचा भर वेगावर आहे. शंभरच्या मर्यादेत शंभरने, पण पुढच्याच्या बुडाला चिकटून जाणारा त्यांच्या लेखी सज्जन! २०१५ मध्ये राज्य सरकारने ट्रकमागचे 'हॉर्न ओके प्लीज' बंद केले. त्याच जागी पुष्कळ ट्रकांवर 'सुरक्षित अंतर ठेवा' असते. ते वाचण्याइतके जवळ मात्र सगळे जातात.

मीटर मोजत बसणे जमत नसेल तर सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. आपण त्याआधी खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात हे दुप्पट. मागचा चिकटत असेल तर त्याला धडा शिकवायला ब्रेक मारू नका, पुढचे अंतर आणखी वाढवा आणि संधी मिळताच त्याला जाऊ द्या. आज गाडीत बसाल तेव्हा सीटवरची डोक्याची उशी वर ओढा. तिचा वरचा काठ निदान कानांच्या वरपर्यंत आला पाहिजे. मागून धडक बसली की सीट धडाला पुढे ढकलते आणि डोके मागे राहते, ते अडवायलाच ती आहे. आपल्याकडे ती सर्वांत खाली असते आणि तिला टॉवेल गुंडाळलेला असतो.

धक्का किरकोळ वाटला तरी मानदुखी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होऊ शकते. नुसते आखडणे बहुधा आपोआप बरे होते. पण हाताला मुंग्या, बोटांत अशक्तपणा, चालताना तोल जाणे, लघवी अडणे, यांतले काहीही असेल तर मालीश करणाऱ्याकडे नाही, थेट रुग्णालयात या. रस्त्यावर जखमीला उचलताना मान आणि धड एका रेषेत ठेवा, १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे.

आजोबा परवा तपासणीला आले होते. फिजिओथेरपी नेमाने चालू आहे. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सदऱ्याचे खालचे एक बटण स्वतः लावून दाखवले. त्याला चार मिनिटे लागली. आजी शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, मदत करायची नाही असे त्यांना बजावलेले होते. वरचे बटण, आजोबा म्हणाले, पुढच्या महिन्यात.