उडालेला लाल रंग

आमच्या शेजारच्या मुलीने रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि घरात वाद सुरू झाला. औषधाच्या कारखान्यात नोकरी मिळण्यासारखी आहे, तर ही म्हणते परदेशातल्या एका कलासंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत फेलोशिपसाठी अर्ज करायचा. तिची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, चित्रांच्या घरात रसायनवालीचं काय काम? एवढं शिकवलं ते तसबिरी पुसायला का?"

खरे सांगायचे तर आम्हालाही ठाऊक नव्हते. मग त्या मुलीलाच बसवून विचारले, थोडे वाचले. जे कळले ते वाचकांना सांगतो, कारण हा प्रश्न उद्या आणखी कुणाच्या घरात निघेल.

अमेरिकेत शिकागो शहरात आर्ट इन्स्टिट्यूट नावाचे मोठे कलासंग्रहालय आहे. तिथे रेन्वार या फ्रेंच चित्रकाराने 1883 साली काढलेले मादाम क्लापिसों यांचे चित्र आहे. बाईंच्या मागची बाजू फिकट, निळसर दिसते. पण चौकट काढली तेव्हा चौकटीखाली झाकलेल्या कडेला भडक लाल रंगाची पट्टी सापडली. म्हणजे सबंध पार्श्वभूमी एके काळी लाल होती, आणि शंभर वर्षांच्या उजेडाने तो लाल रंग खाऊन टाकला!

कोणता लाल, हे ओळखणे हे रसायनवाल्याचे काम. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा रंगाचा कण घेतला, त्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण टाकले आणि लेसरचा किरण सोडला. प्रत्येक पदार्थ प्रकाश आपापल्या पद्धतीने विखुरतो, त्यावरून तो ओळखता येतो. हे तत्त्व आपल्या सी. व्ही. रामन यांनी 1928 साली कलकत्त्यात शोधले. उत्तर आले की हा निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढलेला किरमिजी रंग आहे. मग मूळ रंगसंगती संगणकावर उभी केली आणि 2014 साली ती चित्राशेजारी लोकांना दाखवली. मूळ चित्रावर मात्र नवा रंग चढवला नाही. आम्हाला यातले हेच सर्वांत आवडले.

आई हे सारे ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आम्ही अजिंठ्याला गेलो होतो, तिथंही सगळं काळपट. आमच्या लेण्यांचा रंग कोण शोधतो?"

प्रश्न अगदी वर्मी लागला. अजिंठ्याच्या चित्रांवर वटवाघळांची घाण आणि धूर बसला, हे खरे. पण थोडा दोष काळजी घेणाऱ्यांचाही आहे. 1920 नंतर निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा जागीच पक्का केला, त्याबद्दल त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण चित्रांवर लाखेचे रोगणही लावले. पुढे ते पिवळे पडले, काळवंडले, त्यावर धूळ बसली. हेतू चांगला होता, पण पन्नास वर्षांनी त्या लाखेचे काय होईल याचा हिशेब झाला नाही. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ती बोटा-बोटाएवढ्या जागेवरून काढावी लागली. खाली मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ थर, त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून आलेला निळा दगड कुटून केलेला रंग. लाख विरघळावी पण रंग सुटू नये, असा द्राव निवडायचा. चूक झाली तर गेलेला रंग परत आणता येत नाही.

आता फेलोशिपचे. ही कायमची नोकरी नव्हे. बहुधा एक-दोन वर्षांची मुदत असते, त्या काळात वेतन मिळते, आणि संग्रहालयातल्या वस्तूंवर ठरवलेले संशोधन करायचे असते. पुष्कळ ठिकाणी रसायन, भौतिक किंवा पदार्थविज्ञान यांतली पीएच.डी. मागतात, चित्र काढता यावे लागत नाही. अर्जाबरोबर संशोधनाचा आराखडा आणि शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात. पुढे जागा मिळेलच असे नाही, कारण अशा प्रयोगशाळाच मोजक्या. ज्या घरात पहिला पगार कधी येतो याची वाट पाहिली जाते, त्या घराने हे आधी समजून घ्यावे. आम्ही आईला ते स्पष्ट सांगितले. आपल्या देशातही लखनौला 1976 पासून याच विषयाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, पुरातत्त्व खात्याची विज्ञान शाखा डेहराडूनला आहे. तिकडेही चौकशी करावी, असे मुलीला सुचवले.

तिने दोन्हीकडे पत्रे लिहिली आहेत. कारखान्याच्या मुलाखतीलाही जाणार आहे. आई अजून पुरती राजी नाही. परवा मात्र तिने मुलीला विचारले, "ती लाख पुसायला किती दिवस लागतात गं?"