घार जिंकेल की कावळा?

घार आणि कावळा यांची झुंज लागली, तर कोण जिंकेल? गोवंडीच्या मुलांना या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. मान वर करून आकाशाकडे पाहिले की पुरे. १९२७ साली सुरू झालेली देवनारची कचराभूमी तेथून जवळच आहे आणि तिच्या ढिगाऱ्यांवर हे दोन्ही पक्षी अन्न शोधत येतात.

घारीचा कैवारी म्हणेल, "निकाल उघड आहे! तिचे पसरलेले पंख सुमारे दीड मीटर भरतात. वजन कावळ्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय बाकदार चोच आणि अणकुचीदार नखे! बळी तो कान पिळी."

कावळ्याचा वकील उत्तर देईल, "पण कान आधी हाती तर लागला पाहिजे! आमचा कावळा समोरून येतोच कुठे? तो मागून येऊन शेपटीला चोच मारतो. आणि त्याची काव काव ऐकताच सारे जातभाई धावून येतात."

दोघांचेही म्हणणे खरे आहे. पण माझ्या मते निकाल नखांवर ठरत नाही. घरट्याजवळ आलेल्या घारीला कावळे पिटाळून लावतात, कारण तेथे त्यांची पिले असतात. घारीला हवा असतो एक घास, आणि तो दुसरीकडेही मिळतो. म्हणून ती न लढता उंच निघून जाते. तिला भित्री म्हणू नये. पंख दुखावला, तर पोट कसे भरणार?

मुलांनो, शाळेच्या पटांगणात बाह्या सरसावण्यापूर्वी स्वतःला विचारा, "मी कशासाठी भांडतो आहे?" उत्तर सापडले नाही, तर घारीप्रमाणे निघून जाण्यात कमीपणा नाही.