वैर आणि मीठ

जपानमधील नागानो शहराच्या दक्षिणेस, चिकुमा व साई या नद्यांच्या संगमाजवळ कावानाकाजिमाचे मैदान पसरलेले आहे. 1553 ते 1564 या काळात ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हे बलाढ्य सामुराई सरदार येथे पाच वेळा एकमेकांसमोर ठाकले. त्यांतील 1561 ची चौथी लढाई सर्वांत भीषण ठरली. आज तेथे हाचिमानबारा नावाचे शांत उद्यान आहे. घोड्यावरून तलवार उगारणारा केनशिन आणि बसल्या जागी पंख्याने तो वार अडवणारा शिंगेन, हे शिल्प पाहून बहुतेक प्रवासी परततात.

परंतु या भूमीचा खरा बोध जवळच्या मातीच्या दोन साध्या टेकाडांपाशी होतो. लढाई संपल्यावर शिंगेनचा सेनानी कोसाका दानजो याने आपला-परका असा भेद न करता मृत सैनिकांचे देह गोळा करून त्यांना सन्मानाने मूठमाती दिली, असे परंपरा सांगते. ही वार्ता ऐकून केनशिनचे मन हेलावले.

पुढे त्या उपकाराची फेड करण्याचा प्रसंग आला. शिंगेनच्या काई प्रांताला समुद्रकिनारा नव्हता. 1567 च्या सुमारास इमागावा घराण्याने तिकडे जाणारे मीठ रोखले. अशा कोंडीचा घाव सरदारापेक्षा गोरगरिबांच्या चुलीवर अधिक बसतो. केनशिनला या कोंडीत सामील होणे सहज शक्य होते. आपले वैर शस्त्रांपुरते आहे, मिठाशी नाही, अशी भूमिका घेऊन त्याने व्यापाऱ्यांना वाजवी भावाने मीठ पुरवण्यास सांगितले, अशी कथा आहे. त्याने मीठ स्वतः पाठवले नसावे, केवळ व्यापार रोखला नाही, असे अनेक अभ्यासक मानतात. तेवढे जरी खरे धरले, तरी त्याचे मोल कमी होत नाही. ‘शत्रूला मीठ पाठवणे’ हा वाक्प्रचार जपानी भाषेत आजही रूढ आहे आणि मात्सुमोतो शहरात दर जानेवारीत भरणारा बाजार त्याच मिठाची आठवण जपतो.

समोरच्याची अडचण ही भाव चढवण्याची संधी मानायची की माणुसकीची कसोटी, हा प्रश्न पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी उभा राहतोच. स्पर्धा असावी, चुरसही असावी; मात्र प्रतिस्पर्ध्याच्या घरातील चूल विझवून मिळवलेला नफा वहीत जमेच्या बाजूस शोभत नाही. कावानाकाजिमाच्या पाचही लढायांतून निर्णायक विजय कोणालाच मिळाला नाही. लोकांच्या स्मरणात उरले ते मीठ.