कोळशावाचून केनियाचे अडलेले नाही



विकसनशील देशांना कोळशावाचून तरणोपाय नाही, हे सांगताना एका पत्रलेखकाने केनियाचा दाखला दिला. तो मुळीच पटत नाही. तिथे ओल्कारियात १९८१पासून भूगर्भातल्या वाफेवर वीज तयार होते. वाफेचे जाड नळ डोंगरांतून जातात आणि जिराफांना वाट मिळावी म्हणून काही ठिकाणी ते उंच उचललेले आहेत. लामूच्या कोळसा प्रकल्पाचा परवाना पर्यावरण न्यायाधिकरणाने २०१९मध्ये रद्द केला. आजही देशाची बहुतांश वीज वाफ, पाणी आणि वाऱ्यापासूनच मिळते. अडचण आहे ती वेगळीच. तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण वीजवाहिनी रखडल्याने २०१८पर्यंत त्यांची वीज कुणाच्या घरी पोहोचली नाही. कोळशाची तरफदारी करण्याऐवजी पत्रलेखकाने या रखडपट्टीवर लिहावे.

– एक वाचक, नाशिक