मोबाईलमधला ॲन्टीव्हायरस : पास की नापास?



मागच्या पालकसभेनंतर एक पालक मुद्दाम थांबले. म्हणाले, "मॅडम, व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एक फाईल आली. उघडली, आणि दुसऱ्या दिवशी खात्यातले अकरा हजार गेले. पण माझ्या मोबाईलमध्ये ॲन्टीव्हायरस होता ना!" त्यांनी मोबाईल पुढे केला. पैसे गेल्यानंतरही त्या ॲपवर हिरवी खूण होती आणि खाली लिहिलं होतं, 'आपला फोन सुरक्षित आहे'.

मला तेव्हा काही उत्तर देता आलं नाही. घरी येऊन याविषयी वाचलं, तेच आज तुम्हाला सांगते.

एक साधा प्रश्न. एखाद्या मुलाने स्वतःचा पेपर स्वतःच तपासून त्यावर 'पैकीच्या पैकी' लिहिलं, तर आपण ते गुण प्रगतिपत्रकात चढवू का? नाही ना? मग ॲपने स्वतःच स्वतःला दिलेल्या हिरव्या खुणेवर आपण विश्वास का ठेवतो?

2014 साली गुगल प्ले स्टोअरवर 'व्हायरस शील्ड' नावाचं एक ॲप आलं होतं. किंमत जवळपास चार डॉलर. हजारो लोकांनी ते विकत घेतलं आणि विकतच्या ॲपच्या यादीत ते अगदी वर गेलं. नंतर जाणकारांनी ते उघडून पाहिलं तर आत काहीच नव्हतं! बोट लावलं की फुलीची बरोबरची खूण व्हायची, बस्स. शेवटी गुगलने ते ॲप काढून टाकलं आणि लोकांचे पैसे परत केले.

बरं, हे एकच ॲप तसं होतं का? ऑस्ट्रियातील 'एव्ही-कंपॅरेटिव्हज' ही संस्था ॲन्टीव्हायरसची परीक्षा घेते. 2019 मध्ये तिने अँड्रॉइडची 250 ॲप्स तपासली. प्रत्येकासमोर 2000 घातक ॲप्स ठेवली. निकाल काय लागला? चांगल्या ॲपवर खोटा आळ न घेता 30 टक्क्यांपेक्षा जास्त घातक ॲप्स पकडणारी फक्त 80 निघाली. आपल्याकडे 35 टक्क्यांना पास करतात, इथे तर 30 टक्केही बहुतेकांना जमले नाहीत! पण सगळेच नापास नव्हते हेही सांगायला हवं. 23 ॲप्सनी सगळीच्या सगळी 2000 पकडली.

नापास झालेल्यांची कॉपी करण्याची पद्धत तर ऐकण्यासारखी आहे. काही ॲप्स आत काय आहे ते बघतच नव्हती. त्यांच्याकडे चांगल्या नावांची एक यादी होती. नाव यादीत असलं की चांगलं, नसलं की वाईट. म्हणजे चोराने ओळखीचं नाव सांगितलं की दार उघडलं! गंमत म्हणजे काहीजण स्वतःचंच नाव यादीत घालायला विसरले होते, त्यामुळे त्यांनी स्वतःलाच घातक ठरवलं.

आता तुम्ही म्हणाल, मग घरच्या घरी तपासून बघू. 'आयकार' नावाची 68 अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाईल असते. ती दिसली की ॲन्टीव्हायरसने ओरडायचं, असं कंपन्यांनी आपसात ठरवलेलं आहे. पण हे शाळेतल्या आगीच्या सरावासारखं आहे. घंटा वाजते एवढंच कळतं, खरी आग विझेल का ते कळत नाही. कारण ही फाईल सगळ्यांना आधीच माहीत असते, म्हणजे पेपर फुटलेलाच! आणि तपासण्यासाठी खरा व्हायरस मोबाईलमध्ये घ्यायचा प्रयत्न तर चुकूनही करू नका.

माझं मत स्पष्ट आहे. ॲन्टीव्हायरस ठेवायचा असेल तर एव्ही-कंपॅरेटिव्हज किंवा जर्मनीतील एव्ही-टेस्ट यांसारख्या बाहेरच्या परीक्षकाच्या निकालात तो आहे का, ते आधी बघा. निकाल ताजा हवा, कारण नवे व्हायरस रोज येतात. त्या यादीत नाव नसलेलं, सारख्या जाहिराती दाखवणारं 'क्लीनर' ॲप काढून टाकलेलं बरं.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपली सवय. लग्नपत्रिका, ई-चलन, योजनेचा अर्ज अशा नावाने आलेल्या फाईलच्या शेवटी 'एपीके' दिसलं, तर ती पत्रिका नसून ॲप आहे हे ओळखा आणि उघडू नका, मग ती ओळखीच्या नंबरवरून आलेली का असेना. सेटिंगमध्ये अनोळखी ॲप घेण्याची परवानगी बंद ठेवा. प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' चालू आहे का ते बघा. कुठलंही ॲप मेसेज वाचायची परवानगी मागत असेल तर थांबा, कारण ओटीपी तिथेच येतो. आणि पैसे गेलेच, तर लाजू नका, वेळ घालवू नका, लगेच 1930 या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

त्या पालकांनी 1930 वर फोन केला तो चार दिवसांनी, कारण तोपर्यंत ते ती हिरवी खूण बघून स्वतःची समजूत घालत होते. त्यांची मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात आहे आणि अभ्यासाला तोच मोबाईल वापरते. उद्या ती फाईल तिच्या हातून उघडली जाऊ शकते. म्हणून आता वर्गातही मी हे शिकवते आहे. "एपीके दिसलं की काय करायचं?" असं विचारलं की मुलं एका सुरात म्हणतात, "आधी मोठ्यांना दाखवायचं!"

तेव्हा पालकहो, मुलांनी दाखवलं तर आपल्याला ते ओळखता यायला हवं. आज घरी गेल्यावर मोबाईल हातात घ्या आणि त्या हिरव्या खुणेला विचारा, तुझा पेपर कोणी तपासला?