कुंभिवलीचा हट्टी कुत्रा

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात शनिवारी मुंबईच्या गाड्या येतात आणि रविवारी रात्री फार्महाऊसच्या फाटकांना कुलपे लागतात. मागे उरतात रखवालदार आणि कुत्रा. कुंभिवलीच्या अशाच एका वाडीत सहा वर्षांचा लॅब्राडोर आहे. गेल्या पावसाळ्यात मालकांनी फोनवर सांगितले, "हा ऐकतच नाही, घाटात नेऊन सोडा." रखवालदार काका माझ्याकडे आले. म्हणाले, "भाई, तुमच्यात कुत्र्याला शिवत नाहीत म्हणतात, पण तुम्हीच काहीतरी सांगा."

आधी त्या "तुमच्यात"चे बोलतो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. कुत्र्याची लाळ लागलेले भांडे सात वेळा, त्यातले एकदा मातीने धुवावे, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. मालिकी पंथात कुत्र्याला नापाक मानत नाहीत. पण हा धुण्याचा नियम झाला, दगड मारण्याचा परवाना नव्हे. शेत, गुरे आणि शिकार यांसाठी कुत्रा पाळायला मुभा आहे. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस तर मदरशातल्या मुलालाही पाठ असते. मला मात्र इथे सूरह माइदाची चौथी आयत महत्त्वाची वाटते. तिथे शिकारी जनावरांना शिकवण्याचा उल्लेख आहे, आणि ते शिकवण्याचे ज्ञान अल्लाहने माणसाला दिले असे म्हटले आहे. फिकहच्या जाणकारांनी शिकवलेल्या कुत्र्याची खूण सांगितली: सोडले की जावा, थांबवले की थांबावा. न शिकवलेल्या कुत्र्याला हट्टी म्हणायचे, तर दोष कोणाच्या पदरात टाकायचा?

काकांना विचारले, हाक कधी मारता? उत्तर आले, साखळीला बांधायचे असते तेव्हा, नाहीतर आंघोळ घालायची असते तेव्हा. म्हणजे त्याच्या नावाचा अर्थच "आता सुटका संपली" असा झाला होता. कोणता शहाणा प्राणी अशा हाकेला धावत येईल? ताटाजवळ गेले की गुरगुरतो, ही दुसरी तक्रार. तर पाहुण्यांची मुले गंमत म्हणून त्याचे ताट ओढत असत. आणि कान धरला की दात दाखवतो, याचे कारण जनावरांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितले: लोंबते कान पावसात ओले राहून आतून चिघळले होते. मोठा कुत्रा अचानक "बिघडला" तर आधी कान, दात, सांधे आणि गोचीड तपासावेत. काठी शोधू नये.

"मालक कोण ते दाखवून द्या" म्हणणारे गावोगाव आहेत. त्यांची ही कल्पना कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवर उभी आहे. डेव्हिड मीच या शास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या पुस्तकातून ती लोकांपर्यंत नेली आणि १९९९ मध्ये स्वतःच सांगितले की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि पिल्ले, एक कुटुंबच. पण काठी काही मागे घेतली गेली नाही. गुरगुरल्याबद्दल मारलेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, राग सोडत नाही. मग तो इशारा न देताच चावतो.

आम्ही जुनी हाक बंद केली. नवा शब्द "ये". लांब दोरी, खिशात उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे. आला की तुकडा द्यायचा आणि लगेच पुन्हा मोकळा सोडायचा; सारी मेख या सोडण्यात आहे. ताट ओढायचे नाही, जाता-जाता त्यात जास्त चांगला तुकडा टाकायचा. पहिला आठवडा काहीच घडले नाही. काका कंटाळले, मीही एक दिवस चिडलो.

साखळीचेही बोललो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवणे मालकावर बंधनकारक आहे, आणि कारणाविना जनावर सोडून देणे गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. ५० रुपयांत वडापावही दोन-तीनच येतात, म्हणून घाटात गाड्या थांबतात.

दिवाळीनंतर मालक आले. फाटकातूनच त्यांनी नावाने हाक मारली. कुत्रा जागचा हलला नाही. "बघा, तोच हट्ट," ते म्हणाले. काकांनी हळूच "ये" म्हटले, तसा तो आंब्याखालून धावत आला. मालकांनी तो शब्द दोनदा विचारून घेतला.