पहारा नेमका कुणावर?

डॉक्टरला मारहाण झाली की मागणी ठरलेली: रक्षक वाढवा. मार्च २०१७ मध्ये धुळ्यातल्या मारहाणीनंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, तेव्हाही सरकारने ११०० रक्षकांचं आश्वासन दिलं. मागणी रास्तच होती. पण हा सगळा पहारा बाहेरून येणाऱ्यावर, रुग्णाच्या नातेवाइकांवर.

आतल्यांचं काय? २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या. हल्ला करणारा त्याच रुग्णालयातला सफाई कर्मचारी होता. जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत रविवारी एकटीच कामावर असलेली तरुणी मारली गेली. पकडला गेला तो तिथलाच सुरक्षारक्षक. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टरचा खून करणारा पोलिसांचा नागरी स्वयंसेवक निघाला. यांना आत शिरण्यासाठी कुणाची नजर चुकवावी लागली नव्हती. वावरायची मुभा होतीच.

डॉक्टरांवरील हल्ल्यांबाबतचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड सांगतो. रुग्णालय चालवणाऱ्याने आधी काय केलं होतं, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी नाही. आर. जी. करनंतर केंद्राने संस्थाप्रमुखांवर जबाबदारी टाकली, तीही हल्ल्यानंतर सहा तासांत पोलिसांत तक्रार नोंदवण्याची.

कोलकात्याची ती डॉक्टर दीर्घ ड्यूटीत सेमिनार हॉलमध्ये टेकली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २०२४ च्या आदेशात नेमक्या अशाच साध्या गोष्टींवर बोट ठेवलं: रात्रपाळीवाल्यांना विश्रांतीच्या खोल्या नाहीत, ३६-३६ तासांच्या ड्यूट्या लागतात, रात्री घरी जायला वाहन नाही. यातली एकही गोष्ट पोलिसांच्या हातात नाही. ड्यूटीचा तक्ता आणि इमारतीच्या किल्ल्या ज्याच्याकडे, त्याचंच हे काम.

त्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणाताईंना केईएमच्या परिचारिकांनी त्यांच्या मृत्यूपर्यंत, १८ मे २०१५ पर्यंत सांभाळलं, त्याचं कौतुक आपण पोटभर केलं. मधल्या काळात महापालिकेने त्यांना तिथून हलवायचा घाट घातला होता आणि परिचारिकांनी तो आंदोलन करून हाणून पाडला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मालकाचं देणं सहकाऱ्यांनी फेडलं.

अधिष्ठाता मंडळींना एकच विनंती. रात्री दोन वाजता वॉर्डातून एक फेरी मारा, तुमची माणसं कुठे पाठ टेकतात ते बघा, त्या दाराला आतून कडी लागते का तेही बघा. लागत नसेल, तर ती लागेपर्यंत तिथे कुणालाही रात्रपाळी लावू नका.